वरणातल्या मिठाएवढा समुद्र

बर्लिन,
१२ ऑगस्ट

ती. आई, बाबा आणि आजी यांना सा. न. वि. वि.

आधी कबुली देऊन टाकते, मग बाकीचं. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी "लायब्ररीत आहे, हळू बोला" म्हणाले, ते खोटं होतं. माझ्या मागे जी पांढरीशुभ्र भिंत दिसत होती ती कॅम्पिंगच्या मैदानातल्या न्हाणीघराची होती. आई, तू म्हणालीस, "किती स्वच्छ ठेवतात ग लायब्ररी!" तेव्हा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा असलेला आमचा कोल्हापूरकर इतका फिदीफिदी हसला की मला फोन कापावा लागला. नेटवर्क गेलं नव्हतं.

तर मी चार दिवस इथल्या बाल्टिक समुद्रावर होते. अभ्यास नाही, फील्डवर्क नाही, विद्यापीठाची सहल नाही. नुसती मजा करायला गेले होते. परीक्षा संपली, निकालाला वेळ आहे, आणि आम्ही पाच जण पाठीवर दोन तंबू टाकून निघालो.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला "पाण्यात उतरलीस का?" विचारलं असतं आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा. शिवाय आजीला फोनवर अर्धं ऐकू येत नाही. कागद मात्र ती चष्मा लावून तीनदा वाचते.

हो बाबा, उतरले होते. पण क्रमाने सांगते.

सोबत कोण होतं ते आधी. नावं लिहीत नाही, आजीला ती उच्चारता येत नाहीत आणि मग ती स्वतःच नवी नावं ठेवते. गावांवरूनच ओळख करून देते. कोल्हापूरकर तुम्हाला माहीत आहे, दिवाळीत फोनवर बोलला होता. मग केरळवाली, जिच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. मेक्सिकोवाला, जो कशावरही लिंबू पिळून खातो. आणि पोलंडवाली, ग्दान्स्कची, म्हणजे याच समुद्राच्या काठची. म्हणजे पाचातल्या दोघी समुद्रावरच वाढलेल्या, आणि मी नागपूरची. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला एक रात्र गाडीत काढावी लागते अशा गावची. मुलींचा तंबू वेगळा होता आणि मुलांचा वेगळा. हे वाक्य आईसाठी.

पैशाचंही सांगून टाकते. माझे सगळे मिळून १४२ युरो गेले. लॅबमध्ये आठवड्याला दहा तास दगड कापायच्या मशीनवर बसते, त्यातले. कर्जाच्या पैशाला हात लावलेला नाही. जाण्यायेण्याचा तर खर्चच नाही, कारण फीमध्येच पास येतो आणि त्यावर देशभर साध्या गाड्या चालतात. जलद गाड्या चालत नाहीत. त्यामुळे बर्लिनहून श्ट्राल्झुंड, तिथे गाडी बदलून बिंझ, असे साडेचार तास लागले. बेटाचं नाव र्‍युगेन. जर्मनीतलं सर्वांत मोठं बेट, आपल्या नागपूर शहराच्या साधारण चौपट. बेट म्हटल्यावर मला वाटलं होतं बोटीने जायचं असेल. पण आगगाडी १९३६ साली बांधलेल्या बांधावरून सरळ पाण्यातून पलीकडे जाते. दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये आपला डबा. मी खिडकीला नाक लावून बसले होते. केरळवाली म्हणाली, "अग, ही खाडी आहे, समुद्र पुढे आहे." मला काय कळते? माझ्यासाठी अंबाझरी तलावापेक्षा मोठं ते सगळं समुद्रच.

आता आजी, तुझ्यासाठी.

माझ्या डोक्यात समुद्र म्हणजे तुझा समुद्र होता. पुरीचा. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या की तू सांगायचीस. तुम्ही बायका हात धरून उभ्या, लाट आली, तुला पाडलं, नाकातोंडात पाणी गेलं आणि दोन दिवस जिभेवरचं मीठ उतरलं नाही. खाजा खाल्ला तोही तुला खारट लागला. आणि तू हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून आणलेलं ते पाणी, जे देवघरात कितीतरी वर्षं होतं आणि आईने एका दिवाळीत बाटली धुताना ओतून टाकलं. (तो विषय मी काढत नाही. तुम्ही दोघी बघून घ्या.)

तर तंबू ठोकल्यावर मी एकटीच आधी पळाले. पाइनची झाडं, मग वाळूचा चढ, लाकडी फळ्यांची वाट, आणि एकदम समोर ते. रंग आपल्या पितळी भांड्याला चिंच लावायच्या आधी जसा असतो तसा, मधूनच हिरवट. लाटा लहान. वाळू इतकी बारीक आणि पांढरी की हातात घेतली तर रवा. मी चपला हातात घेऊन घोट्यापर्यंत पाण्यात गेले, ओंजळ भरली आणि जीभ लावली.

थांबले. पुन्हा ओंजळ भरली, या वेळी चांगला घोट घेतला.

आजी, खारट नाही ग! म्हणजे आहे, पण आपल्या वरणात असते तेवढंच. तू चाखून म्हणशील, "जरा टाक अजून."

मला आधी वाटलं माझीच जीभ बिघडली. मग डोक्यातला जिओलॉजीचा कप्पा उघडला. हा बाल्टिक समुद्र चहूबाजूंनी जमिनीत अडकलेला आहे. मोठ्या समुद्राशी त्याचं नातं डेन्मार्कजवळच्या अरुंद तोंडांतून, आणि वरून कितीतरी नद्या गोडं पाणी ओतून राहिल्या. मोठ्या समुद्रात लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, इथे र्‍युगेनपाशी ८ च्या आसपास. वर उत्तरेला गेलं की त्याहून कमी. भरती-ओहोटी तर जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे चपला ठेवल्या तिथेच संध्याकाळी सापडतात. केरळवाली दोन दिवस तक्रार करत होती की हा काय समुद्र आहे, ना वास, ना आवाज, ना मीठ. मी म्हटलं, बाई, नागपूरकरांना पहिल्यांदा एवढाच पचते.

आणि आता बाबा.

पाणी १८ अंश होतं. हे मला कसं माहीत? किनाऱ्यावर जीवरक्षकांची उंच मचाणं आहेत आणि तिथे फळ्यावर हवेचं आणि पाण्याचं तापमान रोज लिहिलेलं असते. शिवाय झेंडे. लाल-पिवळा असला म्हणजे रक्षक हजर आहेत. त्याच्या जोडीला पिवळा लागला तर कच्च्या पोहणाऱ्यांनी बाहेर बसायचं. लाल असला तर कोणीच उतरायचं नाही. मी चारही दिवस आधी झेंडा पाहिला, मगच पाय टाकला. आणि आपल्या उत्तर अंबाझरी रोडच्या जलतरण तलावात दोन उन्हाळे मी जे हातपाय मारले, ते अगदीच फुकट गेले नाहीत. पाणी छातीपर्यंत येईल तिथपर्यंतच गेले, तेही पोलंडवालीच्या सोबत, जी माशासारखी पोहते.

तुम्ही मला फुटाळा तलावावर कणीस खायला न्यायचे तेव्हा एका हाताने कणीस आणि दुसऱ्या हाताने माझ्या फ्रॉकची गाठ धरून उभे राहायचे. कट्ट्यापासून दहा फूट लांब. सगळ्यांची मुलं कट्ट्यावर बसलेली आणि मी बांधलेल्या वासरासारखी. मी पाण्यात उभी राहिले तेव्हा खरं सांगते, पाठीला तो हात जाणवला. वळून पाहिलं तर कोल्हापूरकर होता, मला ढकलायला आलेला. ढकललं त्याने. १८ अंश म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मे महिन्यात माठात हात घातल्यावर बरं वाटते ना, तसं नाही. दात वाजतात. दोन मिनिटं ओरडले, तिसऱ्या मिनिटाला अंग सरावलं आणि मग एक तास बाहेर आलेच नाही.

त्या एका तासाचं काय सांगू? काही घडलंच नाही. पाठीवर पडून आभाळ पाहिलं. कानात पाणी गेलं की बाहेरचं सगळं बंद होते, फक्त आपला श्वास ऐकू येतो. मागच्या सप्टेंबरपासून माझ्या डोक्यात एक यादी चालू असते. फी, भाडं, विम्याचा हप्ता, व्हिसाची तारीख, जर्मनचा पुढचा पेपर. ती झोपेतही चालते. पाण्यात ती कुठे गेली कोण जाणे. बाहेर आल्यावर मेक्सिकोवाल्याने विचारलं, कसला विचार करत होतीस? मी म्हटलं, कसलाच नाही. तो म्हणाला, मग बरोबर पोहलीस.

इथे किनाऱ्यावर वेताच्या टोपलीसारख्या खुर्च्या असतात. आजी, तुला फार आवडतील. दोन माणसं बसतील एवढी टोपली, वर छप्पर, तिन्ही बाजूंनी आडोसा, पाय ठेवायला खालून फळी निघते. वारा लागत नाही, ऊन लागत नाही. १८८२ साली रॉस्टॉकच्या एका टोपल्या विणणाऱ्याने पहिली बनवली. एका बाईला संधिवात होता आणि तरी तिला समुद्रावर बसायचं होतं, तिच्यासाठी. म्हणजे तुझ्या गुडघ्यांसारखे गुडघे नसते तर ही खुर्चीच झाली नसती. आता साऱ्या किनाऱ्यावर रांगाच रांगा. प्रत्येकीला नंबर, समोर लाकडी जाळी आणि कुलूप. भाडं एका दिवसाचं माझ्या आठवड्याच्या भाजीएवढं. आम्ही एकदाच एक घेतली आणि दोघांच्या जागेत आळीपाळीने पाच जण बसलो. शेजारच्या टोपलीतल्या आजोबांनी आधी भुवया उंचावल्या, मग दुपारी आपल्या डब्यातली चेरी दिली.

इथले लोक उन्हात मुद्दाम भाजून घेतात. पाठ झाली की पोट, पोट झालं की पाठ, आपण भरताचं वांगं फिरवतो तसं. मी मात्र सवयीने ओढणी काढली आणि स्कूटीवर बांधते तशी डोक्याभोवती, तोंडाभोवती गुंडाळली, नुसते डोळे उघडे. पाच मिनिटांत केरळवालीनेही बांधून मागितली. मग पोलंडवालीने. शेवटी तीन दरोडेखोर टोपलीत बसलेले, असा फोटो आहे. पाठवते. धरमपेठेतली कुठलीही पोरगी म्हणेल, यात काय विशेष?

आई, पुढचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवू नको. किनाऱ्याच्या एका टोकाला "एफकेके" अशी पाटी होती. कोल्हापूरकराला वाटलं, एखाद्या क्लबचं नाव असेल. गर्दी कमी दिसली म्हणून चटई काखेत मारून तो ऐटीत पुढे गेला आणि आम्ही पाहत राहिलो. पोलंडवालीला माहीत होतं, पण ती मुद्दाम बोलली नाही. शंभर पावलांवर तो थबकला. मग आकाशात काहीतरी शोधत असल्यासारखी मान वर करून, तशीच्या तशी वर ठेवून, उलट पावली परत आला. तिथे सगळे विनावस्त्र पोहतात. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत हे अगदी सर्रास होतं, आणि म्हाताऱ्या जोडप्यांना त्यात अजूनही काही वाटत नाही. निवांत पेपर वाचत बसलेले असतात. तो मात्र दिवसभर कोणाच्या नजरेला नजर देईना.

श्रावणाचंही सांगायचं राहिलं. निघताना मी ठरवलं होतं की श्रावण पाळायचा. तीन दिवस पाळला. पोहे नेले होते, गॅसची छोटी शेगडी होती, डब्यातले चणे मिळतात. आई, मी तंबूसमोर तर्री केली! तू पाठवलेल्या मसाल्याचा शेवटचा चमचा संपवला. सांबार मिळालं नाही. (हे वाक्य कोल्हापूरकराने वाचलं आणि म्हणाला, पोह्यांवर सांबार कशाला, इडली आहे का? मग "आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात" यावर अर्धा तास वाद.) मेक्सिकोवाल्याने तर्रीत लिंबू पिळलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आणखी मागितली. तो आता नागपूरला यायचं म्हणून राहिला आहे. मी म्हटलं ये, पण मेमध्ये नको.

चौथ्या दिवशी मात्र माझा पाय घसरला. इथे धक्क्यावर होड्यांतून माशाचे पाव विकतात. हेरिंग मासा, कांदा, कडक पाव. समोर तळलेला तुकडा पावात गेला, त्यावर पातळ पांढरी चटणी, तो वास. मी मनात म्हटलं, परदेशात श्रावण अर्धाच लागू असते. पैसे दिले. कागद मागे सोलला, तोंड उघडलं, आणि कानाजवळून काहीतरी फडफडलं. एवढा मोठा सीगल, आपल्या घारीएवढा, पिवळी चोच. पाव तसाच माझ्या हातात आणि मासा त्याच्या तोंडात. कांद्याच्या दोन चकत्या माझ्या केसांत. मी तोंड उघडं ठेवूनच उभी. तो समोरच्या खांबावर बसला आणि माझ्याकडे पाहत एका घोटात गिळला. दुकानदार म्हणाला, पाटी लावली आहे ना, वाचत नाही कोणी. तेव्हा आई, तुझा श्रावण शाबूत आहे. मी नाही राखला, एका पक्ष्याने राखला, पण राखला.

बाबा, आता तुमची वाट पाहून राहिलेली गोष्ट. इथे छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, आहे. आणि चालू आहे!

पुटबुस ते ग्योरन, मध्ये बिंझ लागते. १८९५ साली पहिला टप्पा सुरू झाला आणि आजही कोळशाचं, वाफेचं इंजिन ओढते. दोन रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, ७५० मिलिमीटर. तुमची ७६२. बारा मिलिमीटरचा फरक, म्हणजे सख्खी बहीणच. मी फलाटावर उतरून रुळांत बूट आडवा ठेवून पाहिला, तुम्ही मोतीबागेच्या वर्कशॉपमध्ये मला दाखवायचे तसा. गाडीला लोक "सुसाट रोलांड" म्हणतात. सुसाट म्हणजे किती? ताशी ३० किलोमीटर! माझ्या शेजारून एक बाई सायकलवर आली, थोडा वेळ सोबत चालली आणि पुढे निघून गेली.

मला एकदम सौंसरची आठवण झाली. तुम्ही मला रविवारी इतवारीहून बसवायचे, सावनेरला भजी घेऊन द्यायचे, आणि रामाकोनाच्या पुढे घाट लागला की म्हणायचे, "आता कान दे, इंजिन बोलते." तुमचं डिझेल होतं, ते कण्हायचं. हे वाफेचं. चढावर धाप लागल्यासारखं फुसफुसते, आणि शिट्टी दिली की आख्खं जंगल वळून पाहते. खिडकीतून डोकं बाहेर काढलं तर डोळ्यात कोळशाचा कण गेला. तुम्ही हजारदा सांगितलं होतं, डोकं बाहेर काढू नको. ड्रायव्हरला मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की माझे बाबा नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये होते, २०१५ मध्ये आमची नागपूर-छिंदवाड्याची लाईन बंद झाली. त्याने हातमोजा काढला आणि हात मिळवला. मग विचारलं, "आणि इंजिनं? भंगारात काढली?" मी म्हटलं, काही म्युझियममध्ये आहेत. तो "हं" म्हणाला. तुम्हीही असंच "हं" म्हणता. तिकीट पाकिटात घालते आहे. जाड पुठ्ठ्याचं नाही, साधा कागद आहे, त्याबद्दल ओरडू नका.

एक दिवस आम्ही खडूचे कडे पाहायला गेलो. "दगड पाहायला जर्मनीत कशाला जायचं, सेमिनरी हिल्सवर काय कमी आहेत?" असं तुम्ही म्हणाला होतात. बाबा, हे दगड खरंच वेगळे आहेत. क्योनिग्सश्टूल नावाचा कडा ११८ मीटर उंच, आणि नखशिखान्त पांढरा. शाळेत फळ्यावर लिहितो त्या खडूसारखा. बोट फिरवलं की बोट पांढरं. सात कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जिवांच्या कवचांचा थर साचत गेला, त्याचा हा डोंगर. आणि गंमत पाहा, त्यानंतर तीस-चाळीस लाख वर्षांनी आपल्याकडे लाव्हा वाहून राहिला होता, ज्याचा सेमिनरी हिल्सचा काळा दगड झाला. इथे पांढरं, तिथे काळं, आणि वय जवळजवळ सारखं. मी हे चौघांना पंधरा मिनिटं समजावलं. चौथ्या मिनिटाला मेक्सिकोवाला झोपला. कड्याच्या अगदी खाली गेलो नाही, कारण पावसानंतर ते ढासळतात. २००५ मध्ये इथली प्रसिद्ध टोकं समुद्रात गेली. पाहा, मी किती जबाबदार आहे.

आमचा तंबू होता त्याच्याजवळ प्रोरा नावाची जागा आहे. त्याबद्दल थोडंच लिहिते. समुद्राला समांतर एक इमारत, साडेचार किलोमीटर लांब. म्हणजे व्हरायटी चौकात सुरू झाली तर पार अंबाझरीच्या बांधाजवळ संपेल. १९३६ ते १९३९ मध्ये हिटलरच्या सरकारने बांधायला घेतली. वीस हजार कामगारांनी एका वेळी सुटी घालवायची, सगळ्या खोल्या एकसारख्या, सगळ्यांच्या खिडक्या समुद्राकडे. मग युद्ध आलं आणि तशी सुटी तिथे कोणी घालवलीच नाही. आता काही भागात महागडे फ्लॅट आणि हॉटेलं झालीत, काही भाग तसाच फुटक्या खिडक्यांचा. आम्ही सायकलवरून तिच्या कडेकडेने जाऊन राहिलो होतो आणि ती संपेचना. कोल्हापूरकर म्हणाला, हुकुमावरून पोहायला लागलं असतं तर मी बुडून घेतलं असतं. त्या दिवशी आम्ही मुद्दाम उशिरा उठलो, जेवायची वेळ पाळली नाही आणि पत्ते खेळत रात्रीचे दोन वाजवले.

आजीसाठी दोन वस्तू आणल्या आहेत, छोट्या पार्सलने वेगळ्या पाठवते.

एक म्हणजे भोक असलेला दगड. गारगोटीचा आहे, भोक कोणी पाडलेलं नाही, आपोआप पडलेलं. इथे त्याला "कोंबड्यांचा देव" म्हणतात. पूर्वी खुराड्यावर टांगायचे, कोंबड्यांना नजर लागू नये म्हणून. आता लोक दारावर टांगतात. आपण लिंबू-मिरची बांधतो त्याच्या शेजारी जागा आहे. दर शनिवारी बदलावा लागत नाही, ही सोय.

दुसरी वस्तू जपून उघड. शेंगदाण्याएवढी आहे, कापसात गुंडाळली आहे. तिसऱ्या रात्री जोराचा वारा सुटला, तंबू फडफडून कोणी झोपलं नाही. पहाटे पाचला पोलंडवालीने सगळ्यांना बाहेर काढलं. वाऱ्यानंतर शेवाळाच्या रेषेत अंबराचे पिवळे खडे सापडतात म्हणाली. सूर्य सरळ पाण्यातून वर येत होता आणि आम्ही पाच जण कमरेत वाकून, तांदूळ निवडतात तसं शेवाळ निवडत होतो. तिने आधीच दम भरला होता की सापडलेलं काही खिशात टाकायचं नाही, काचेच्या बरणीत टाकायचं. या समुद्रात युद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरस अजून आहे, त्याचे खडे हुबेहूब अंबरासारखे दिसतात आणि वाळले की पेट घेतात. म्हणून हातात लोणच्याची रिकामी बरणी.

तासाभरात सात पिवळे खडे जमले. परत येऊन ते दुपारपर्यंत तसेच बरणीत पाण्यात ठेवले. मग तिने परीक्षा घेतली. पेल्यात समुद्राचंच पाणी घेतलं आणि खडे सोडले. सातही तळाला. म्हणाली, या पाण्यात मीठच नाही, खरा अंबरही इथे बुडतो, तो खूप खाऱ्या पाण्यातच तरंगतो. मग आमच्या स्वयंपाकाच्या पिशवीतलं मीठ काढलं, दोन मोठे चमचे, शीग लावून. ढवळलं. पाणी गढूळ झालं, काही दिसेना. आम्ही पाच डोकी पेल्यावर वाकलेली. हळूहळू निवळलं. सहा खडे तळाला तसेच. सातवा थोडा हलला, एका टोकावर उभा राहिला, आणि दही घुसळल्यावर लोणी येते तसा, अगदी सावकाश, वर आला.

तो माझा होता. चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचा डिंक आहे आजी तो. उन्हात धर, आत एक बारीक बुडबुडा दिसेल. तूही पेल्यात टाकून पाहा. आधी वरणाएवढं मीठ घाल, खाली बसेल. मग वाढव. आणि ते पाणी या वेळी आईला सांगून ठेव.

बाकी ठीक. बाबा, कूलरच्या टाकीतलं पाणी काढून टाकलं का? डास होतात. दादाला सांगा की माझ्या टेबलावर त्याने जे सामान ठेवलं आहे ते उचलावं, मी येणार नसले तरी ते माझं टेबल आहे. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची मिरवणूक पाहायला गेलात तर व्हिडिओ पाठवा, पूर्ण, मागच्या वेळसारखा अर्धा नको.

तुमची,
छकुली

ता. क. : माझ्या नाकाचं साल निघून राहिलं आहे. ओढणी नाकावरून घसरत होती. रविवारी कॉलवर दिसेलच.